जुने नियंत्रक आणि नवे जाळे

कारखान्यातील यंत्रे दीर्घायुषी असतात. कचेरीतील संगणक पाचसहा वर्षांत मोडीत निघतो. परंतु बॉयलरशेजारी पत्र्याच्या पेटीत बसविलेला नियंत्रक वीसपंचवीस वर्षे मुकाट्याने राबत असतो. तापमान वाढले की झडप मिटावयाची, टाकी भरली की पंप थांबवावयाचा, एवढाच त्याचा संसार. त्याला नवी भाषा येत नाही एवढ्याच कारणाने तो भंगारात काढणे शहाणपणाचे नव्हे. मग त्याच्याजवळची माहिती कचेरीपर्यंत आणावी कशी?

या नियंत्रकांचा जन्म अमेरिकेतला. मोटारीचा नमुना बदलला की रिले आणि तारा यांचे जंजाळ नव्याने जोडावे लागे. ते टळावे म्हणून जनरल मोटर्स कंपनीने १९६८ साली नव्या उपकरणाची मागणी केली आणि त्यातूनच डिक मोर्ले व त्यांचे सहकारी यांचा ‘मॉडिकॉन’ हा नियंत्रक पुढे आला. १९७९ साली याच नावाच्या कंपनीने नियंत्रकांच्या संभाषणासाठी ‘मॉडबस’ ही पद्धती प्रसिद्ध केली. ती आजही सर्वत्र प्रचारात आहे.

तिची शिस्त शाळेच्या वर्गासारखी आहे. विचारणारा एकच, ज्याचा क्रमांक पुकारला जाईल त्यानेच उत्तर द्यावयाचे, इतरांनी गप्प राहावयाचे. हे क्रमांक १ ते २४७ असतात. जुन्या तारेवरून सेकंदास बहुधा ९,६०० बिट जातात; उलट साध्या ईथरनेटवरून १० कोटी. या दोहोंमध्ये दुभाषा लागतो. त्यालाच ‘गेटवे’ म्हणतात. ईथरनेटवरून आलेल्या प्रश्नाचे वेष्टन तो उतरवितो, आतील नियंत्रकाचा क्रमांक राखतो, शेवटी पडताळणीचे दोन बाइट जोडतो आणि प्रश्न तारेवर सोडतो. उत्तर आले की हीच क्रिया उलट होते.

येथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली वेगाची. आठ बाइटांचा प्रश्न तारेवरून जाण्यासच सुमारे नऊ सहस्रांश सेकंद लागतात. चार संगणक एकदम विचारू लागले तर दुभाष्यापाशी रांग लागते. धीर सुटून त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला की रांग अधिकच वाढते. म्हणून लागेल तेवढेच व बेताने विचारावे. दुसरी गोष्ट अर्थाची. नियंत्रकाने २५४ हा आकडा धाडला, तर तो दोनशे चौपन्न अंश की पंचवीस पूर्णांक चार दशांश, हे दुभाषा सांगत नाही. ते जुन्या नकाशांतून व माहितीपुस्तिकांतूनच शोधावे लागते.

सर्वांत मोठी जोखीम मात्र निराळीच आहे. मूळच्या मॉडबसमध्ये परवलीचा शब्द नाही. तारेला जोडलेला प्रत्येकजण घरचाच, हे तिचे गृहीत. तार कारखान्याच्या भिंतींआड होती तोवर ते चालले; जाळे जगाला जोडले गेले की तेच घातक ठरते. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये तीन वीजवितरण कंपन्यांच्या जाळ्यांत शत्रू शिरले व सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. उपकेंद्रांतील जुन्या तारा आणि ईथरनेट यांना जोडणाऱ्या दुभाष्या पेट्यांतील आज्ञावलीही त्यांनी बिघडवून टाकली, त्यामुळे दुरून आज्ञा देणे अशक्य झाले. अखेर कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांवर जाऊन हातांनी स्विच जोडले, तेव्हा काही तासांत दिवे लागले.

यातील बोध स्पष्ट आहे. गेटवे थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये. कारखान्याचे जाळे कचेरीच्या जाळ्यापासून वेगळे राखावे. जेथे केवळ वाचन पुरते तेथे आज्ञा देण्याची मुभा बंद करावी. पेटीसोबत आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. आणि हाताने चालविण्याचा खटका, तसेच तो चालविणारा जाणता माणूस, कधीही मोडीत काढू नये. युक्रेनमध्ये अंधार दूर केला तो त्यांनीच.