घरातील दुखण्यांची पोथी

आमच्या घरात तीन पिढ्यांच्या श्राद्धतिथी तोंडपाठ आहेत. पणजोबांची वद्य पंचमी, आजोबांची शुद्ध द्वादशी, आजीची अविधवा नवमी. यांत कधी घोटाळा झालेला नाही. परंतु ही मंडळी कोणत्या दुखण्याने गेली असे कोणी विचारील, तर ‘वयोमानाने’ किंवा ‘एकाएकी’ यापलीकडे उत्तर देता यावयाचे नाही. एकाएकी म्हणजे हृदयविकार की पक्षाघात, हे आता कोण सांगणार? आणि चिरंजीवांस डॉक्टर पहिल्याच भेटीत नेमके तेच विचारतात.

या अज्ञानाची किंमत आम्हांस दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात कळली. डोळखांबास पाऊस कसा कोसळतो हे इकडील वाचकांस सांगावयास नको. अशा रात्री दोनच्या सुमारास आमच्या थोरल्या वहिनी घामाने डबडबल्या, बोलणे असंबद्ध झाले आणि पाहता पाहता शुद्ध हरपली. गाडी काढून त्यांस तालुक्याच्या गावी नेले. डॉक्टरांनी साखर तपासली, ती फारच उतरली होती. शिरेतून ग्लुकोज देताच वहिनींनी डोळे उघडले. आम्ही निःश्वास टाकतो न टाकतो तोच डॉक्टरांनी विचारले, “गोळ्या कोणत्या घेतात? शेवटची कधी घेतली?” आम्ही बंधूंकडे पाहिले, बंधूंनी चिरंजीवांकडे, चिरंजीवांनी सूनबाईंकडे.

वास्तविक घरातील अकरा माणसांची औषधे वहिनींच्याच ध्यानात असत. आमची रक्तदाबाची गोळी, नातवाची राहिलेली लस, आमच्या कुटुंबास पेनिसिलिनने अंगावर गांधी उठतात ही गोष्ट, सारे त्यांच्या मुखी. त्यांचे स्वतःचे मात्र कोणासच ठाऊक नव्हते. घर भरलेले असले म्हणजे प्रत्येकास वाटते, दुसऱ्यास माहीत असेलच.

दुसऱ्या दिवशी कपाटात, विजेच्या बिलांखाली, गोळ्यांची दोन पाकिटे सापडली. नावे निराळी, कंपन्या निराळ्या. परंतु बारीक अक्षरांत दोहोंवर औषध एकच, ग्लिमेपिराइड. एक गावातल्या डॉक्टरांनी दिलेले, दुसरे ठाण्याच्या. एकाचे दुसऱ्यास कोणी सांगितले नव्हते, आणि वहिनी दोन्ही गोळ्या निष्ठेने घेत होत्या. या गोळीचा अंमल असेतो साखर पुन्हा उतरू शकते; म्हणून शुद्धीवर आलेल्या रुग्णासही बराच काळ नजरेखाली ठेवावे लागते, हेही आम्हांस तेव्हाच समजले.

मग वही करावयाचे ठरले. बांधीव वही आम्ही मुद्दाम टाळली. पोथीसारखी सुटी पाने, दोन पुठ्ठे आणि फाइलीची दोरी. म्हणजे पान काढता येते, वाढवता येते, डॉक्टरांकडे एकट्याचेच नेता येते. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर जन्मवर्ष, रक्तगट, जुनी दुखणी, शस्त्रक्रिया व त्यांची साले. चरकसंहितेत रोग्याच्या दशविध परीक्षेत ‘सात्म्य’, म्हणजे काय मानवते, ही एक परीक्षा सांगितली आहे. जे मानवत नाही त्याचा रकाना आम्ही तांबड्या शाईने आखला. औषधाचे नाव ऐकून लिहू नये, पाकिटावरचे इंग्रजी नाव, विशेषतः बारीक अक्षरांतले, जसेच्या तसे उतरावे. औषध बदलले की पान नवे. जुने फाडावयाचे नाही, तारीख घालून मागे लावावयाचे.

रक्तगटही आठवणीने लिहू नये. मुंबईत १९५२ साली डॉ. भेंडे यांनी जो दुर्मीळ ‘बॉम्बे’ रक्तगट उजेडात आणला, तो साध्या तपासणीत ‘ओ’ म्हणून दिसतो. अशा माणसास मात्र ‘ओ’ रक्तही चालत नाही. रुग्णालयातील कागद मागण्यास संकोचू नये. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यास ते ७२ तासांच्या आत द्यावयाचे असतात.

चिरंजीव म्हणाले, २०२१ पासून सरकारची आयुष्मान भारत डिजिटल योजना आहे, चौदा आकडी क्रमांक घेतला की कागद फोनवर राहतात. तो क्रमांक आम्ही सर्वांनी घेतला. परंतु बेशुद्ध माणसाचा फोन उघडणार कोण? क्रमांक पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

खरा पेच निराळाच निघाला. घरातील एका तरुण व्यक्तीने आपले पान वहीत लावण्यास नकार दिला. आम्हांस राग आला. एका पंक्तीस जेवणाऱ्यांत लपवावयाचे काय? तेव्हा सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, दुखणे सांगणे वेगळे आणि येताजाता कोणीही वाचणे वेगळे.” आम्ही चाळीस वर्षे मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर सह्या केल्या, पण एकाचे पुस्तक दुसऱ्यास कधी दाखविले नाही, हे त्या क्षणी आठवले. आता ते पान बंद लिफाफ्यात, दोरीत ओवलेले आहे. वर नाव, आणि ‘अडचणीच्या वेळी डॉक्टरांनी उघडावे’ एवढेच.

वहिनींनी सर्वांची पाने भराभर सांगितली, स्वतःचे मात्र “मला काय धाड भरली आहे?” म्हणून महिनाभर टाळले. अखेर एका दुपारी बंधू स्वतः लेखणी घेऊन समोर बसले. बावीस वर्षांपूर्वी माहेरी असताना झालेली एक शस्त्रक्रिया तेव्हा बाहेर आली. बंधूंस ती ठाऊकच नव्हती. त्यांनी साल दोनदा विचारून घेतले आणि पानावर लिहिले.