फक्कीची रेघ

झरी जामणी तालुक्यातील ज्या खेड्यात माघ-फाल्गुनाच्या सांध्यावर मी तीन दिवस मुक्कामास होतो, ते मुकुटबनच्या सडकेपासून पांदणीने कोस-दीड कोस आत आहे. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन मला वाटत नाही, कारण तेथे जे पाहिले ते तालुक्यातील कोणत्याही मौजात पाहावयास मिळाले असते. शिवारातील तूर घरी आली होती, पळस पेटल्यासारखा फुलला होता, आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर चुन्याच्या फक्कीची अकरा पोती रचून ठेवली होती. दोन दिवसांनी गावावरून ड्रोन उडणार होता. तत्पूर्वी प्रत्येक मिळकतदाराची हद्द जमिनीवर पांढऱ्या रेघेने उमटावी, अशी दवंडी कोतवालाने आदल्या सायंकाळीच दिली होती.

गावाच्या वाढीस आळा घालण्याचा विषय निघाला की आपण सभा, आराखडे आणि अधिनियम यांचाच विचार करतो. परंतु तो आळा प्रत्यक्षात कसा दिसतो हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने भोके पाडलेला पत्र्याचा डबा हातात घेऊन वाकत वाकत चालणाऱ्या त्या कोतवालाच्या मागे एक दिवस हिंडावे. त्याच्या पुढे भूमी अभिलेखाचा भूकरमापक, मागे ग्रामसेवक आणि त्यांच्याही मागे निम्मे गाव, अशी ती मिरवणूक गल्लीगल्लीतून निघाली. शेताची मोजणी या लोकांना नवी नव्हती. तेहतीस फुटी साखळीच्या चौरसाचा एक गुंठा व चाळीस गुंठ्यांचा एकर हे गणित येथील म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे, आणि धुऱ्यावरच्या दगडासाठी तीन-तीन पिढ्या भांडलेली घराणीही आहेत. घराची मोजणी मात्र कोणीच पाहिली नव्हती. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडची पाहणी झाली ती साऱ्यासाठी, आणि गावठाणावर सारा नसल्यामुळे मोजणीदारांनी त्याच्या भोवती एक कडे ओढून आतला सारा पसारा कोरा सोडला. पुढेही गावठाणांचे भूमापन झाले ते दोन हजारांहून अधिक वस्तीच्या गावांचे, ज्यांत या तालुक्यातील लहान मौजे बसण्याचा प्रश्नच नव्हता. सबब आजोबांनी जेथे खांब रोवला तेथे घर आणि शेजाऱ्याने जेथपर्यंत सोसले तेथपर्यंत अंगण, एवढाच काय तो दस्त. गावठाणातील घरांची ड्रोनने मोजणी करणारी स्वामित्व योजना जाहीर झाली 24 एप्रिल 2020 रोजी. तत्पूर्वी पुरंदर तालुक्यातील सोनोरीस हा प्रयोग करून पाहिला होता.

पहिलाच मुक्काम तास-दीड तास लांबला. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रात छप्पर दिसते, भिंत दिसत नाही. आणि कुडाच्या वा मातीच्या घराचे छप्पर भिंतीच्या बाहेर हात-दीड हात येते, त्याखाली वळचण, वळचणीखाली कोंबड्यांचे खुराडे आणि पाण्याचा रांजण. चित्रावर विसंबावे तर वळचण घराच्या मापात जाते आणि समोरच्याच्या वाटेतून तेवढी जागा वजा होते. म्हणून भूकरमापक प्रत्येक घराशी गुडघ्यावर बसून भिंतीचा पाया हाताने चाचपी आणि फक्की तेथे टाकवून घेई. एक वृद्ध बाई दारातून उठली आणि म्हणाली, “साहेब, हे भित माह्या सासऱ्यानं घातली. पण पागोळ्याचं पानी त्याईच्या आंगनात पडते, अन् ते काई म्हनत नाई.” समोरच्या ओट्यावर बसलेल्या गृहस्थाने नुसतीच मान हलविली. रेघ भिंतीशी पडली. पागोळ्यांच्या पाण्याची वहिवाट कोणत्या रकान्यात लिहावी हे भूकरमापकाला सुचेना, आणि मलाही सुचले नाही.

पुढचा अडथळा पऱ्हाट्यांचा. कापूस वेचून झाल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्या चुलीसाठी घराशेजारी रचून ठेवतात. ढीग एका उन्हाळ्यापुरता असतो, पण दरसाल त्याच जागी रचला की पाचव्या वर्षी त्याभोवती काट्यांचे कुंपण येते आणि दहाव्या वर्षी कुंपणाच्या आत खोली उभी राहते. गाव पसरते ते असे, कुटाराच्या आणि पऱ्हाट्यांच्या पावलांनी. सिमेंटचा मिक्सर पुष्कळ मागाहून येतो. त्या दिवशी अशा चौदा ढिगांपाशी वाद झाले. त्यांतले बरेचसे तेथेच मिटले, याचे कारण भूकरमापकाचे कायद्याचे ज्ञान नसून सारे गाव साक्षीला उभे होते, हे होय. तहसिलीत तीन वर्षे चालली असती ती कैफियत दहा माणसांच्या देखत दहा मिनिटांत संपते, कारण खोटे बोलणाऱ्याला संध्याकाळी त्याच पारावर बसावयाचे असते.

दुपारी आम्ही गावाच्या कडेला आलो, आणि खरा प्रश्न तेथे होता. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 याच्या कलम 122 अन्वये गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस आहे. परंतु या गावाची हद्द म्हाताऱ्यांच्या आठवणीत कधी सरकलेली नाही, आणि घरे मात्र तिप्पट झाली. वाढलेल्या कुटुंबाने जावे कोठे? गावाला लागून ई-क्लासची जमीन, म्हणजे गुरचरण. त्यावर घर बांधावे तर ते अतिक्रमण. 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरील कब्जे हटविण्याचा आदेश दिला आणि त्याच वर्षी 12 जुलैला राज्याने गायरानांविषयी कडक निर्णय काढला. दुसरीकडे खाजगी वावरे. पण त्यांतली कित्येक आदिवासी खातेदारांची, आणि ती बिगर-आदिवासीस विकावयाची तर त्याच महसूल अधिनियमाच्या कलम 36-अ प्रमाणे वरिष्ठांची मंजुरी हवी. हे बंधन योग्यच आहे. ते नसते तर या तालुक्यात गोंड-कोलामांच्या नावावर आज फारसे उरले नसते. पण त्याचा एक अनपेक्षित परिणाम सडकेने जाताना डोळ्यांना दिसतो: वस्ती गावाला चिकटून वाढण्याऐवजी मधली वावरे ओलांडून पुढे कोठेतरी, जेथे विकता येण्याजोगी जमीन सापडेल तेथे, लेआउटच्या रूपाने उगवते. खुंट्या ठोकलेल्या, मुरूम टाकलेल्या, पाण्याची सोय नसलेल्या त्या चौकटी. कोळशाच्या खाणी व सिमेंटचा कारखाना यांमुळे मुकुटबनच्या अंगाला तर त्यांना भावही चांगला येतो. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरपर्यंतच्या जमिनीस निवासी वापराची सोय देणारी 42-ड ही तरतूद अलीकडे आली खरी. पण हद्दच जेथे कागदावर धूसर, तेथे दोनशे मीटर मोजावयाचे कोठून, हे आधी ठरावयास हवे. माझे मत असे की, ज्या मर्यादेला वेळेवर हलविले जात नाही ती मर्यादा लोक ओलांडतात, आणि एकदा ओलांडली की मग कोठेही थांबत नाहीत.

गावापासून थोडे दूर, झाडोऱ्याच्या कडेला कोलामांचा पोड, म्हणजे त्यांची वस्ती, आहे. तेथल्या नाईकाला मी विचारले, घरे वाढली की तुम्ही काय करता? “पयले दुसरा पोड बसवू, बाबा,” तो म्हणाला, “आता रान कुठं हाये?” पूर्वी पोडाची वाढ पोड फुटून होई, पसरून होत नसे, ती पद्धत रानाबरोबर गेली. पेसा कायद्याच्या 2014 च्या महाराष्ट्र नियमांप्रमाणे असा पोड स्वतःला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेऊ शकतो व स्वतःची ग्रामसभा भरवू शकतो, हे त्याला ठाऊक होते; आपला अर्धा पोड कोणत्या खात्याच्या जमिनीवर उभा आहे, हे मात्र ठाऊक नव्हते. फक्कीचा डबा पोडापर्यंत आलाच नाही. आज गावठाणाचे काम, असे ग्रामसेवक म्हणाले, आणि नियमाप्रमाणे ते बरोबर होते.

ड्रोनविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. तो मधमाश्यांच्या मोहोळासारखा आवाज करीत वर गेला, सरळ ओळीत फिरला, आणि गावातल्या सर्व कोंबड्यांना खुराड्यात दडवून खाली उतरला. शाळेतली पोरे तेवढी खूश होती.

परंतु तो उडण्यापूर्वी एक गोष्ट घडली. सर्व रेघा संपल्या, दीड पोते उरले, तेव्हा गुराख्याने सुचविले की आखरही आखून टाकावा. आखर म्हणजे गावाबाहेरची ती मोकळी जागा, जेथे सकाळी सारी गुरे गोळा होतात. तिच्या तीन बाजूंनी पऱ्हाट्यांचे ढीग आधीच पुढे सरकलेले होते. आखर कोणाच्याही मालकीचा नसल्यामुळे त्याची हद्द दाखविणारा मिळकतदार कोणी नव्हता, आणि भूकरमापकाने तसे स्पष्ट सांगितले. त्यावर थोडी कुजबुज झाली. मग ज्यांचे ढीग होते त्यांतल्याच एकाने काठीने मातीवर खूण केली आणि कोतवालाने त्या खुणेवरून डबा फिरविला. सकाळचे ऊन चढेपर्यंत गावाच्या पश्चिमेला एक मोठे, वेडेवाकडे, पांढरे वर्तुळ तयार झाले.

तिसऱ्या दिवशी निघताना आखरावरून गेलो. दोन सकाळींच्या खुरांनी वर्तुळ अर्धेअधिक पुसले होते. कोतवाल उरलेले अर्धे पोते घेऊन तेथे उभा होता, आणि गुरे पुढे जाण्याची वाट पाहात होता.