माल एकाच दुकानात का अडवला जातो?

कापडाच्या धंद्यात एजंटाची एक शर्त जुनी आहे: ‘आमचाच माल ठेवा, दुसऱ्या मिलचा ठेवू नका.’ उलटाही सौदा होतो. दुकानदार म्हणतो, या गावात हा माल फक्त मलाच द्या. आम्ही पोखर्णीसारख्या गावात धंदा करणारे लोक. आमच्याकडे अशा शर्ती तोंडी ठरतात आणि तोंडीच मोडतात. त्यामुळे त्यात कोणाला किती मिळाले, हे कधी कळत नाही. संगणकावरील खेळांच्या बाजारात मात्र अशा सौद्यांचा थोडा हिशेब कोर्टातून उघड झाला. पोरांचा विषय म्हणून तो सोडून देऊ नये.

हे खेळ आता तबकडीवर फारसे विकले जात नाहीत. इंटरनेटवरील दुकानात पैसे भरायचे आणि खेळ संगणकावर उतरवून घ्यायचा. यातले मोठे दुकान म्हणजे वॉल्व्ह या अमेरिकन कंपनीचे २००३ पासूनचे ‘स्टीम’. खेळ बनविणाऱ्याकडून ते शंभरामागे ३० कमिशन घेते. २०१८ च्या अखेरीस फार मोठ्या विक्रीवर हे कमिशन २५ आणि २० टक्क्यांवर आले. लहान कारागिराला ३० च राहिले. (आपल्याकडे तरी घाऊक भाव कोणाला मिळतो?) त्याच डिसेंबरात एपिक कंपनीने आपले दुकान उघडले आणि कमिशन ठेवले फक्त १२ टक्के.

एवढ्या फरकावर सगळा बाजार नव्या दुकानाकडे वळायला हवा होता. तसे झाले नाही. गिऱ्हाइकाचे आधी घेतलेले खेळ, त्याची मित्रमंडळी, त्याची सवय, सारे जुन्या दुकानात. शिवाय कमिशन गिऱ्हाइकाला दिसत नाही. त्याला दिसते ती किंमत, आणि ती बहुतेक खेळांची दोन्हीकडे सारखीच राहिली.

मग एपिकने पैसे देऊन माल अडवायला सुरुवात केली. ठरावीक मुद्दत खेळ दुसऱ्या दुकानात विकायचा नाही. विक्री कमी झाली तरी ठरलेली रक्कम आमच्याकडून. ‘मेट्रो एक्झोडस’ या खेळाची स्टीमवर आगाऊ विक्री चालू होती, ती थांबवून २०१९ च्या फेब्रुवारीत तो एपिककडे आणला. अमेरिकेत त्याची किंमत ६० वरून ५० डॉलर केली, तरी गिऱ्हाईक भडकले. ‘बॉर्डरलँड्स ३’ चा सौदा तर १४ कोटी ६० लाख डॉलरचा होता. हा आकडा २०२१ मधील एपिक विरुद्ध ॲपल खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आला. हा खेळ सप्टेंबर २०१९ मध्ये निघाला आणि मार्च २०२० मध्ये स्टीमवरही आला. म्हणजे एवढ्या पैशात विकत मिळाले ते सहा महिने. आमच्या मते यात खरा फायदा खेळ बनविणाऱ्याचा झाला. त्याची जोखीम दुकानाने उचलली.

आपल्या राज्यातही असे उदाहरण आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीचा ‘राजी’ हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये आधी फक्त निन्टेंडोच्या स्विच यंत्रावर आला, संगणकावर ऑक्टोबरात. बंधन दोन महिन्यांचे, मग बाजार खुला.

एजंट अशी शर्त घालतो तेव्हा आम्ही आता तीन गोष्टी विचारतो: मुद्दत किती, बदल्यात काय, आणि माल पडून राहिला तर परत कोण घेणार. उत्तर कागदावर मागतो. शेवटच्या प्रश्नावर पुष्कळ एजंट चहा संपवून उठतात.

कायदा अशा सौद्यांना सरसकट मनाई करत नाही. स्पर्धा कायदा २००२, कलम ३(४) प्रमाणे स्पर्धेला लक्षणीय बाधा येत असेल तरच तो सौदा अडचणीत येतो. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले. त्या निकालात आयोगाने बाहेरच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींना भाग मिळाले पाहिजेत असेही सांगितले होते.