कुपी उघडण्यापूर्वीं

नव्या अत्तराची वार्ता हल्लीं अत्तराच्या आधीं घरीं पोंचते. "शुभ्र पुष्पांचा सुगंध" एवढे दोन-तीन शब्द व शेजारीं एखाद्या फुलाचें चित्र. कुपी अद्याप दुकानांत यावयाची असते. तरीही तेवढें वाचणाऱ्याच्या मनांत एक वास दरवळूं लागतो. कोणाला मोगऱ्याचा गजरा आठवतो, कोणाला लग्नमंडपांतील निशिगंधाच्या माळा, कोणाला अंगणांतील अनंत. नाकाशीं कांहींच आलेलें नसतां हा वास येतो कोठून, आणि कुपी उघडल्यावर तो खऱ्या सुगंधास साहाय्य करतो कीं अडथळा? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. पुष्कळशा कुप्या ह्या मनांतल्या वासाच्या भरंवशावरच विकत घेतल्या जातात, आणि पुष्कळशा त्याच्याचमुळें निराशेनें कपाटांत पडून राहतात.

प्रथम शुभ्र पुष्पें म्हणजे कोणतीं, तें पाहिलें पाहिजे. पाश्चात्त्य सुगंधकारांच्या परिभाषेंत चमेली, मोगरा, निशिगंध, अनंत व नारिंगाचीं फुलें ह्यांचा हा वर्ग आहे. शुभ्रता हा कांहीं वास नव्हे. परंतु ह्या वर्गीकरणाला निसर्गांत आधार सांपडतो. ह्यांपैकीं बरींच फुलें सायंकाळीं किंवा रात्रीं अधिक दरवळतात आणि अंधारांत हिंडणाऱ्या पतंगांना बोलावतात. अंधारांत तांबड्या-निळ्या रंगांचा उपयोग थोडा. पांढरा रंग मंद उजेडांतही उठून दिसतो आणि दुरून वाट दाखविण्याचें काम सुगंधाकडे येतें. म्हणूनच हा सुगंध दूरवर जाणारा, दाट आणि मादक असतो.

येथेंच पहिली फसगत होते. "शुभ्र" हा शब्द वाचतांच धुतलेलें वस्त्र, चांदणें, सोज्ज्वळपणा ह्यांची आठवण होते आणि नाक सौम्य वासाची वाट पाहूं लागतें. फुलांतील मिश्रण मात्र निराळेंच असतें. चमेलीच्या अर्कांत बेंझिल ॲसिटेट हें फळासारख्या गोड वासाचें द्रव्य पुष्कळ असतें. मेथिल अँथ्रानिलेट ह्या द्रव्यामुळें काळ्या द्राक्षांचा भास होतो. त्यांच्या जोडीला इंडोल असतें. १८६६ सालीं आडोल्फ फॉन बायर ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें तें प्रयोगशाळेंत तयार केलें. हेंच द्रव्य मनुष्याच्या विष्ठेंतही असतें आणि दाट स्वरूपांत त्याचा वास कपाटांतल्या डांबराच्या गोळ्यांची आठवण करून देतो. पण अत्यल्प प्रमाणांत तेंच फुलाच्या सुगंधाला भरीवपणा देतें.

पॅरिसचें एक प्रसिद्ध उदाहरण येथें देण्याजोगें आहे. १९४८ सालीं रॉबेर पिगे ह्या वस्त्रनिर्मात्याच्या नांवानें "फ्राका" हें अत्तर निघालें. झेर्मेन सेलिये ह्या विदुषीनें तें निशिगंधावर उभें केलें होतें. फ्रेंच भाषेंत फ्राका म्हणजे गडगडाट, मोठा गोंगाट. निशिगंध खोलींत शिरतो तो गाजावाजा करीत, हें त्या कुपीच्या नांवांतच सांगून टाकलें होतें. तें नांव न समजतां केवळ शुभ्र फुलांच्या कल्पनेनें जो ही कुपी उघडील, तो दचकल्यावांचून राहणार नाहीं.

दुसरी फसगत ओळखीच्या फुलांमुळें होते. ओल्या फडक्यांतून काढलेल्या गजऱ्याच्या वासांत पाण्याचा गारवा, देंठांचा हिरवेपणा आणि केसांतील तेल हीं सारीं मिसळलेलीं असतात. कुपींत तें सर्व येत नाहीं. चमेली व निशिगंध हीं फुलें तोडल्यानंतरही कांहीं काळ सुगंध निर्माण करीत राहतात. म्हणून फ्रान्समधील ग्रास गांवीं पूर्वीं कांचेवर चरबीचा थर देऊन त्यावर हीं फुलें पसरीत, आणि चरबी सुगंधानें भरेपर्यंत पुनःपुन्हां ताजीं फुलें घालीत. कनोजचे अत्तरकार देगेंत मोगरा घालून त्याची वाफ चंदनाच्या तेलांत मुरवितात. रीत बदलली कीं वास बदलतो. अनंताच्या फुलाचें तेल तर व्यवहारांत बहुधा काढलेंच जात नाहीं. कुपीवर अनंताचें नांव असलें तरी आंत बहुधा इतर द्रव्यांनीं रंगविलेलें त्याचें चित्र असतें. गुची ह्या इटालियन पेढीचें "ब्लूम" हें अत्तर आल्बेर्तो मोरियास यांनीं रचलें आणि तें २०१७ सालीं निघालें. त्याच्या वर्णनांत चमेली व निशिगंधाबरोबर एका वेलीचें नांव आहे. ती वेल म्हणजे आपल्याकडे फाटकावर चढणारी, पांढरी उमलून तांबडी होणारी मधुमालती. हें कळतांच मराठी वाचकाच्या मनांत त्याच्याच फाटकावरची वेल डोलूं लागते. मोरियास यांच्या कुपीवर त्या वेलीशीं जुळण्याचें कसलेंच बंधन नसतें.

मनांतल्या ह्या वासाचें सामर्थ्य किती, हें प्रयोगांनीं दाखविलें आहे. १८९९ सालीं अमेरिकेंतील वायोमिंग विद्यापीठाचे अध्यापक एडविन स्लॉसन यांनीं आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं वर्गापुढें एका बाटलींतील द्रव कापसावर ओतला आणि वास येतांच हात वर करण्यास सांगितलें. पंधरा सेकंदांत पुढच्या रांगेंतील बहुतेकांचे हात वर झाले. वास जणूं मागें मागें पसरत गेला आणि सुमारें तीन-चतुर्थांश मंडळींना तो आला. पुढचे कांहीं जण तर त्रासून उठण्याच्या बेतांत होते. बाटलींत होतें निव्वळ शुद्ध पाणी! पुढें २००१ सालीं रेचेल हर्झ व जूलिया फॉन क्लेफ यांनीं एकच वास दोन नांवांनीं हुंगविला. चीज म्हणून दिलेला वास लोकांना बरा वाटला. तोच वांतीचा म्हणून देतांच किळस आली. २०११ सालीं शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांतील संशोधकांना असें आढळलें, कीं मनुष्य एखाद्या ठराविक वासाची वाट पाहत असतां, तो येण्यापूर्वींच मेंदूच्या घ्राणभागांत त्या वासाशीं जुळणारी आकृति उमटते.

सारांश, अपेक्षा म्हणजे मेंदूनें आधींच तयार केलेला सांचा होय. त्याचा उपयोग मोठा आहे. २०२० नंतर कोविडच्या सांथीनें अनेकांचें घ्राणेंद्रिय बधिर झालें. त्यांना जो अभ्यास सांगितला गेला, त्याची रीत जर्मन वैद्य थॉमस हुमेल यांनीं २००९ सालींच प्रसिद्ध केली होती. गुलाब, लिंबू, लवंग व निलगिरी हे चार वास सकाळ-संध्याकाळ कित्येक आठवडे हुंगावयाचे. आणि हुंगतांना तो वास पूर्वीं कसा येत असे, तें आठवावयाचें, असेंही बहुधा सांगितलें जातें. ज्याला गुलाब येत नाहीं, त्याला मनांतल्या गुलाबाचाच आधार असतो. परंतु ज्याचें नाक धड आहे, त्याला तोच सांचा कधीं बांधून टाकतो. मोगऱ्याची वाट पाहणारें नाक नव्या कुपींत मोगरा नाहीं एवढेंच नोंदवितें, आणि जें आहे तें हुंगावयाचें राहून जातें.

श्रोत्यांपैकीं कोणाला ह्याचा पडताळा पाहावयाचा असल्यास उपाय सोपा आहे. कुपी उघडण्यापूर्वीं मनांत जो वास येत असेल, तो दोन शब्दांत कागदावर लिहून ठेवावा. मग घरांतल्या दुसऱ्या कोणाकडून तो सुगंध, नांव न सांगतां, कागदाच्या पट्टीवर घ्यावा. पहिल्या क्षणीं मद्यार्क व हलकीं द्रव्यें उडून जातात. त्यावर मत देऊं नये. अर्ध्या घटकेनें, आणि पुन्हां तासाभरानें, पट्टी हुंगून काय आलें तें आपल्या शब्दांत लिहावें. त्यानंतरच जाहिरात वाचावी. तिन्ही लिखाणें शेजारीं ठेवलीं म्हणजे मनानें काय दिलें, कुपीनें काय दिलें आणि जाहिरातीनें काय सांगितलें, हें वेगळें दिसूं लागतें. पैसे देण्याचा विचार त्यानंतर करावा.