पाच सेकंद जातात कुठे?

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स वापरकर्ता गट बरीच वर्षं चालू आहे. अशा गटांत तयार झालेली मुलं पुढे सर्व्हर सांभाळण्याच्या नोकरीला लागतात, आणि मग त्यांचा निम्मा दिवस काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं वाचण्यात जातो. दूरच्या सर्व्हरवर सहसा खिडक्या नसतात, माउस चालत नाही. तिथे आलेली ईमेल वाचायची तर ‘मट’ किंवा ‘अल्पाइन’सारखा निव्वळ अक्षरांचा प्रोग्राम लागतो. ब्रेल पट्टीवर वाचणाऱ्या अनेकांनाही असा प्रोग्राम सोयीचा पडतो, कारण त्यात अक्षरांखेरीज दुसरं काही मध्ये येत नाही.

या प्रोग्रामांची ख्याती वेगाबद्दल. तरीही एक तक्रार ठरलेली असते. मित्राचं साधं पत्र बटण दाबताच समोर येतं, पण एखाद्या दुकानाचं किंवा बँकेचं सजवलेलं माहितीपत्र उघडलं की पडदा गोठतो. दोन सेकंद, पाच सेकंद, कधी दहा. मग ‘नेट स्लो आहे’ म्हणून विषय संपवला जातो. जावळीत किंवा कोयनेच्या खोऱ्यात रेंज येते-जाते, त्यामुळे तिथे हे कारण पटूनही जातं. पुष्कळदा मात्र पत्र केव्हाच मशिनवर येऊन पडलेलं असतं आणि वेळ भलतीकडेच जात असतो. तो कुठे जातो हे मोजून काढता येतं, आणि मोजल्याशिवाय केलेली दुरुस्ती बहुधा वाया जाते.

आधी पत्राच्या पोटात काय असतं ते पाहू. सुरुवातीची ईमेल म्हणजे फक्त रोमन अक्षरं. नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये ‘माइम’ हा नियमसंच मांडला आणि एकाच पत्रात मजकूर, चित्र, आवाज असे वेगवेगळे भाग बसू लागले. त्या वर्षीच्या ११ मार्चला बोरेनस्टाइन यांनी धाडलेल्या पत्रात त्यांच्या गायक चौकडीचं छायाचित्र आणि गाणं होतं. या नियमसंचातली एक सोय फार शहाणपणाची आहे: एकच मजकूर दोन रूपांत पाठवता येतो. आधी साधी अक्षरं, नंतर एचटीएमएल, म्हणजे वेबपानासारखी सजावट. ज्याला जे झेपेल ते त्याने दाखवावं. पाठवणाऱ्याने दोन्ही रूपं दिली असतील तर मटला ‘साधं रूप आधी घे’ एवढं एका ओळीत सांगितलं की प्रश्नच मिटतो. अनेक जण मात्र साधं रूप पाठवतच नाहीत, किंवा त्या जागी ‘हे पत्र ब्राउझरमध्ये पाहा’ एवढंच लिहून ठेवतात.

अशा वेळी एचटीएमएलचं साध्या अक्षरांत रूपांतर करावं लागतं. मटला ते स्वतःला येत नाही. ‘मेलकॅप’ नावाच्या एका फाइलमध्ये कोणत्या प्रकारच्या भागासाठी कोणता प्रोग्राम बोलवायचा ते लिहिलेलं असतं, आणि त्यानुसार मट ‘लिंक्स’ किंवा ‘डब्ल्यूथ्रीएम’सारख्या अक्षरी ब्राउझरला हाक मारतो. पत्र उघडण्याच्या एका क्षणात असे तीन टप्पे दडलेले असतात: पत्र सर्व्हरवरून आणणं, त्याचं रूपांतर करणं आणि आलेला मजकूर पडद्यावर रंगवणं.

यातला गुन्हेगार कोण? सगळ्यात सोपी कसोटी म्हणजे तेच पत्र लगेच पुन्हा उघडणं. दुसऱ्या वेळी झटकन उघडलं तर वेळ पत्र आणण्यात गेला होता. मट आयमॅप पद्धतीने पत्र आणतो तेव्हा ते जोडपत्रांसकट अख्खं उतरवतो. दोन ओळींच्या मजकुरामागे पंधरा एमबीची पीडीएफ असेल तर त्या दोन ओळी वाचण्यासाठी ती सगळी पीडीएफ यावी लागते. आणलेली पत्रं साठवायला मशिनवरच एक फोल्डर नेमून दिला की निदान दुसऱ्यांदा ताटकळावं लागत नाही.

दुसऱ्या वेळीही तितकाच वेळ लागला तर एचटीएमएलचा भाग वेगळ्या फाइलमध्ये काढून रूपांतर करणारा प्रोग्राम एकटाच चालवून बघायचा, आणि त्याच्यापुढे लिनक्समधली ‘टाइम’ ही आज्ञा लावायची. ती तीन आकडे देते: घड्याळाप्रमाणे गेलेला वेळ, प्रोग्रामने स्वतः प्रोसेसरवर घालवलेला वेळ आणि त्याच्यासाठी कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, खर्च केलेला वेळ. माझ्या मते निदानाचं सगळं मर्म या तीन आकड्यांत आहे. साखर कारखान्यावर ट्रॉलीला दिवस लागला, तर तो ऊस गाळण्यात गेला की गव्हाणीपुढच्या रांगेत, हे कळल्याशिवाय उपाय सांगता येत नाही, तसंच हे. घड्याळ पाच सेकंद दाखवतंय आणि प्रोसेसरचा वेळ सेकंदाचा दहावा हिस्सा आहे, तर प्रोग्राम काम करत नव्हता, वाट बघत होता. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतील तर मात्र तो खरोखरच राबत होता.

वाट बघण्याचं नेहमीचं कारण म्हणजे नेटवर्क. सजवलेल्या पत्रात चित्रं सहसा नसतात, त्यांचे पत्ते असतात. लिंक्स किंवा डब्ल्यूथ्रीएमला नुसतं रूपांतर सांगितलं तर ते साधारणपणे चित्रांच्या मागे लागत नाहीत. पण कुणी हौसेने मेलकॅपमध्ये पडद्यामागे चालणारा पूर्ण ब्राउझर बसवला असेल, तर तो एकेक चित्र, एकेक फॉन्ट मागवत बसतो. त्यात लांबी-रुंदी एकेक बिंदूएवढी असलेली अदृश्य चित्रंही असतात. ती मागवली की पत्र वाचलं गेल्याची खबर पाठवणाऱ्याला मिळते.

इथे आकड्याकडे नीट बघावं. उशीर बरोबर पाच सेकंदांचा किंवा दहाचा असेल तर पहिला संशय डीएनएसवर घ्यावा, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेवर. लिनक्समध्ये एका नामसर्व्हरच्या उत्तराची मुळात ५ सेकंद वाट पाहिली जाते आणि २ वेळा प्रयत्न होतो. पहिला नामसर्व्हर बंद पडलेला असला की प्रत्येक शोधाला पाच सेकंदांचा भुर्दंड बसतो. कधी मशिनचं स्वतःचं नाव स्थानिक यादीत नसतं आणि एखादा प्रोग्राम तेच शोधत राहतो. खात्री करण्यासाठी नेट पूर्ण बंद करून तीच फाइल पुन्हा रूपांतरित करावी. एरवी पाच सेकंद घेणारं पत्र नेट नसताना चटकन उघडलं, तर निदान झालं. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला नेटवर्कच मिळू द्यायचं नाही हा त्यावरचा पक्का उपाय. त्याने पाळतही थांबते.

प्रोसेसर खरंच राबत असेल तर दोष बहुतेकदा तक्त्यांचा. २००७च्या आउटलुकमध्ये पत्र दाखवण्याचं काम वर्डच्या यंत्रणेकडे गेलं आणि आधुनिक सजावटीचे बरेच नियम तिथे चालेनासे झाले. म्हणून माहितीपत्रं बनवणारे अजूनही तक्त्यात तक्ता, त्यात आणखी तक्ता अशी रचना करतात. अक्षरी ब्राउझरला प्रत्येक रकान्याची रुंदी ठरवण्यासाठी आतला मजकूर आधी मोजावा लागतो आणि मग मांडावा लागतो. एखाद्या प्रोग्रामने प्रत्येक थराला आतलं सगळं दोनदा तपासलं, तर दहा थरांखालचा रकाना १०२४ वेळा तपासला जातो. लिंक्स तक्त्यांची फारशी पर्वा करत नाही, म्हणून तेच पत्र लिंक्समध्ये पटकन आणि डब्ल्यूथ्रीएममध्ये रेंगाळत उघडलं, तर तक्त्यांकडे बोट दाखवता येतं. आखीव मांडणी हवी की वेग, ते ज्याने त्याने ठरवावं. मी वेग घेईन.

तिसऱ्या टप्प्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. मटमध्ये पत्ते, अवतरणं वगैरे रंगवण्यासाठी नमुने लिहून ठेवता येतात, आणि ते प्रत्येक ओळीवर ताडून पाहिले जातात. रूपांतरातून हजारो अक्षरांची सलग ओळ बाहेर पडली की नमुन्यांची ही तपासणीच रखडते. ओळी ठरावीक रुंदीवर मोडून घेतल्या की सुटका होते.

मराठी पत्रांचं दुखणं थोडं वेगळं. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘सातारा’मध्ये काने धरून सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. माइमच्या एका पद्धतीत प्रत्येक बाइट ‘बरोबर’च्या चिन्हापुढे दोन खुणा अशा तीन अक्षरांनी लिहिला जातो, त्यामुळे ‘सातारा’ची ५४ अक्षरं होतात. बेस-६४ या दुसऱ्या पद्धतीत तीच २४ होतात. ही पद्धत पाठवणाऱ्याचा प्रोग्राम निवडतो, आणि लांबलचक मराठी पत्राचं वजन नुसत्या त्या निवडीने दुपटीहून अधिक होतं. जुन्या फॉन्टमधल्या पत्रांची गत याहून वाईट. त्यांत मूळ अक्षरं रोमनच असतात आणि देवनागरी दिसते ती फक्त एचटीएमएलमध्ये फॉन्टचं नाव दिल्यामुळे. रूपांतरात ते नाव गळून पडलं की हाती उरतात निरर्थक रोमन अक्षरं. तिथे वेग सुधारून काही मिळत नाही. मजकूर युनिकोडमध्येच लिहायला हवा.

नुसत्या अक्षरांवर किती काम भागतं, याचा मोठा प्रयोग आपल्याच भागात होऊन गेला आहे. वारणानगरच्या सहकारी समूहाभोवतीच्या कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रं आली, इंटरनेटची स्वप्नं रंगली. प्रत्यक्षात शेतकऱ्याला हवं होतं ते थोडक्यात: ऊस किती भरला, खत किती उचललं. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधन केंद्राने ‘वारणा अनवायर्ड’ या नावाने सात गावांत आठ महिने चाचणी घेतली आणि संगणकांचं काम मोबाइलच्या एसएमएसवर आणून दाखवलं. संगणकावरची सगळी कामं एसएमएसवर झाली, खर्च उतरला आणि शेतकऱ्यांना ही पद्धत अधिक आवडली. एका एसएमएसमध्ये मावतात १४० बाइट: १६० रोमन अक्षरं किंवा देवनागरीची ७० चिन्हं. उसाचं वजन सांगायला तेवढी जागा पुरली.

याच्या शेजारी जीमेलचा एक आकडा ठेवून बघा. पत्र साधारण १०२ केबीच्या वर गेलं की जीमेल उरलेला भाग कापून ‘पूर्ण संदेश पाहा’ असा दुवा देतं. ही मर्यादा ओलांडणारी माहितीपत्रं रोज येतात, आणि त्यांतला वाचण्याजोगा मजकूर बहुधा दोन-तीन केबीचा असतो.

म्हणून वाचणाऱ्याच्या मशिनवरची दुरुस्ती ही अर्धीच बाजू. सातारा-सांगलीतल्या ज्या महाविद्यालयांतून, पतसंस्थांतून, दूध संघांतून आणि कार्यालयांतून सभासदांना, विद्यार्थ्यांना एकगठ्ठा ईमेल जातात, त्यांच्या संगणक विभागाला एक विनंती आहे. पत्र पाठवण्याच्या तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये साधा मजकूर जोडण्याचा पर्याय बहुधा असतोच. तो चालू करा, त्यात खरा मजकूर युनिकोड मराठीत घाला, आणि पाठवण्याआधी ते पत्र एकदा चित्रं बंद करून स्वतः वाचून बघा.