नाशिकची ट्राम गेली, तिचा धडा उरला

माल जितक्या वेळा उतरवावा आणि चढवावा लागतो, तितक्या वेळा हमाली पडते, वेळ जातो आणि गोणी फाटते. व्यापारी बांधवांना हे सांगायला नको. पण या एका गोष्टीवर आगगाडीची एखादी लाईन जगते किंवा मरते, हे नाशिकच्या जुन्या ट्रामवरून कळते.

जी. आय. पी. रेल्वे १८६०च्या दशकात इकडे आली, पण स्टेशन झाले शहरापासून पाच-सहा मैलांवर. तेच आजचे नाशिकरोड. मधले अंतर टांग्याने किंवा बैलगाडीने काटावे लागे. ही अडचण दूर करण्यासाठी १८८९च्या सुमारास अडीच फूट रुंदीच्या रुळांवर ट्राम सुरू झाली. मेनरोडवरील जुन्या नगरपालिकेपासून ती स्टेशनपर्यंत जाई. आरंभी घोडे तिचे डबे ओढत. पुढे रस्त्यावर मोटारी आल्या. मोटार उतारूला थेट दारापाशी सोडू लागली. दुष्काळ आणि प्लेगच्या वर्षांत उत्पन्नही घटले होते. १९३०नंतरच्या दोन-तीन वर्षांत ट्राम बंद पडली आणि आज शहरात तिची खूणही सहजी सापडत नाही.

या ट्रामच्या कामात सल्लागार होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचे इंग्रज इंजिनिअर. त्यांनीच पुढे बार्शी लाईट रेल्वे उभारली. बार्शी ही कापसाची व धान्याची मोठी पेठ, पण मोठी लाईन तिच्यापासून वीस मैलांवरून गेलेली. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अडीच फुटी गाडी धावू लागली. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, हा कॅलथ्रॉप यांचा हिशेब. त्यामुळे हलक्या, स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल नेता आला. ही लाईन पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. मात्र कुर्डुवाडीला माल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात भरण्याची कटकट कायम राहिली. अखेर सारी लाईन टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली.

कॅलथ्रॉप यांनी विलायतेतही अशीच एक लाईन काढली. स्टॅफर्डशायरमधील ही लीक-मॅनिफोल्ड लाईन १९०४ मध्ये सुरू झाली. दूध हा तिचा मुख्य धंदा. वाटेवरील दुग्धालय १९३२ मध्ये बंद झाले आणि १९३४ मध्ये लाईनही गेली. मालाचा आधार तुटला की गाडी टिकत नाही, मग देश कोणताही असो.

आम्ही हे आज का लिहितो? आमच्याच जिल्ह्यातील मालेगावला अजून रेल्वे नाही. यंत्रमागाला लागणारे सूत आणि तयार कापड मुख्यतः ट्रकनेच जाते-येते. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या ब्रॉडगेज मार्गास मंजुरी दिली. हा मार्ग मालेगाव भागातून जायचा आहे. गाडी येणार म्हणून आनंद मानून थांबू नये. मालधक्का कोठे होणार, गोदाम किती मोठे, कारखान्यापासून तेथवर रस्ता कसा, हे प्रश्न यंत्रमागधारक आणि व्यापारी संघटनांनी नकाशे पक्के होण्याआधीच लेखी विचारावेत. स्टेशन गावापासून लांब पडले तर काय होते, हे नाशिकने एकदा भोगले आहे.