विजेचा दाब आणि परदेशीं नेलेलें ध्वनियंत्र

विद्यार्जनासाठीं अथवा नोकरीसाठीं परदेशीं जाणाऱ्या माजी विद्यार्थ्यांची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. त्यांपैकीं ज्यांस गायनाची आवड आहे ते कपड्यालत्त्यांबरोबर आपलें ध्वनियंत्रही, म्हणजे तबकड्या वाजविण्याचें यंत्र, अ‍ॅम्प्लिफायर व कर्णे, नेऊं इच्छितात. तिकडून परत येणारेही असेंच सामान घेऊन येतात. परंतु देश बदलला म्हणजे घरांतील विजेचाही स्वभाव बदलतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते. आमच्याही नव्हती, आणि तिची किंमत आम्हांस द्यावी लागली.

आमचे एक वडील आप्त अमेरिकेंतून कायमचे स्वदेशीं परतले, तेव्हां तेथें वीस वर्षें जपलेला अ‍ॅम्प्लिफायर त्यांनीं बरोबर आणला. त्याच्या प्लगची ठेवण निराळी असल्यामुळें आम्हीं बाजारांतून एक लहानसा जोड आणला, तो भिंतींतील सॉकेटांत बसविला व मोठ्या उत्साहानें बटण दाबलें. यंत्रांतून घोगरा आवाज निघाला, पाठोपाठ जळक्या लाखेचा दर्प सुटला, आणि फ्यूज उडेपर्यंत खोलींत धूर झाला होता. गाणें ऐकण्यास जमलेली मंडळी खिडक्या उघडूं लागली. आप्त आम्हांस एक शब्दही बोलले नाहींत. यंत्रावर हात ठेवून नुसते उभे राहिले. तो प्रसंग दुसऱ्या कोणावर येऊं नये, एवढ्याच हेतूनें पुढील माहिती देत आहों.

विजेच्या दाबाची कल्पना पाण्याच्या टाकीवरून येते. टाकी जितकी उंच, तितकें नळाचें पाणी जोरानें येतें. त्याचप्रमाणें व्होल्ट जितके अधिक, तितका विजेचा जोर अधिक. आपल्या देशांत घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असून तिचीं आवर्तनें सेकंदास ५० असतात. इंग्लंड व युरोपांतील बहुतेक देशांत हेच प्रमाण आहे. अमेरिकेंत दाब १२० व्होल्ट व आवर्तनें ६० असतात. जपानांत दाब अवघा १०० व्होल्ट. शिवाय टोकियोच्या बाजूस आवर्तनें ५० व ओसाकाच्या बाजूस ६० आहेत. हा भेद निसर्गानें केलेला नाहीं. एडिसननें १८८२ सालीं न्यूयॉर्क येथें वीजकेंद्र सुरू केलें, तेव्हां दाब सुमारें ११० व्होल्ट ठेवला होता. अमेरिकेंतील कमी दाबाचें मूळ तेथें आहे. जपानांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोनें जर्मन यंत्रें घेतलीं व ओसाकानें अमेरिकन. त्या खरेदीमुळें एकाच राष्ट्रांत विजेचे दोन भाग पडले, ते अद्याप तसेच आहेत.

अ‍ॅम्प्लिफायरमध्यें वीज प्रथम ट्रान्सफॉर्मरांत, म्हणजे रोहित्रांत, शिरते. लोखंडाच्या गाभ्यावर तांब्याच्या तारेचीं दोन वेटोळीं असतात. त्यांतील फेऱ्यांच्या प्रमाणांत दाब कमी किंवा अधिक होतो. फॅरडेनें १८३१ सालीं शोधलेल्या तत्त्वाचाच हा उपयोग होय. मात्र गाभ्याची चुंबकत्व धरण्याची शक्ति मर्यादित असते. १२० व्होल्टांसाठीं केलेल्या वेटोळ्यास २३० व्होल्ट मिळाले म्हणजे ती मर्यादा ओलांडली जाते, प्रवाह बेसुमार वाढतो, व तारांवरील लाख जळूं लागते. आमच्या घरीं झालें तें हेंच. प्लगचा जोड पिनांचा आकार जुळवितो; दाब तिळमात्र बदलीत नाहीं.

म्हणून पहिला नियम हा कीं, बटण दाबण्यापूर्वीं यंत्राच्या पाठीवरील मजकूर वाचावा. तेथें ‘१०० ते २४० व्होल्ट, ५०/६० आवर्तनें’ असें लिहिलें असल्यास केवळ योग्य प्लग पुरे. अलीकडील पुष्कळ यंत्रें अशींच असतात. कित्येक यंत्रांच्या पाठीवर दाब निवडण्याची खुंटी असते. वीज तोडून ती योग्य आंकड्यावर फिरवावी व फ्यूजही बदलावा. तेवढ्याच कामास अर्ध्या दाबावर दुप्पट प्रवाह लागतो. यास्तव येथें २ अँपिअरचा फ्यूज असेल तर अमेरिकेंत साधारणतः ४ अँपिअरचा लागेल. निश्चित आंकडा निर्मात्याच्या पुस्तिकेंत पाहावा. परत येतांना मोठा फ्यूज तसाच राहिला, तर संकटसमयीं तो उडणार नाहीं, आणि मग त्याचा उपयोग काय?

खुंटी नसली तरी कांहीं रोहित्रांत पहिल्या बाजूस दोन सारखीं वेटोळीं असतात. तीं एकापुढें एक जोडलीं म्हणजे यंत्र २३० व्होल्टांस योग्य होतें; शेजारीं शेजारीं जोडलीं म्हणजे ११५ व्होल्टांस. हें काम जाणत्या कारागिराचें आहे. एका वेटोळ्याचीं टोकें उलट लागलीं तर यंत्र तत्काळ जळेल. शिवाय प्लग काढल्यावरही आंतील कपॅसिटरांत वीज सांठून राहते, आणि जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांत तिचा दाब कित्येकशें व्होल्टांचा असतो. विद्यार्थ्यांनीं कुतूहलानें झांकण उघडूं नये, असें आम्ही आग्रहानें सांगतों.

यांपैकीं कांहींच शक्य नसेल, तर बाहेरून जोडण्याचें रोहित्र घ्यावें. यंत्रास जितकी शक्ति लागते तिच्या दीडपट ते दुप्पट शक्तीचें तें असावें, नाहींतर तापतें. प्रवाशांसाठीं विकले जाणारे कांहीं हलके, स्वस्त दाब-बदलक केस वाळविण्याच्या यंत्रासारख्या उपकरणांसाठींच असतात. ते विजेची लाट कापून दाब उतरवितात, म्हणून ध्वनियंत्रास वर्ज्य समजावे. अर्थिंगची तिसरी पिन तर कोणत्याही सबबीवर कापूं नये.

दाब जुळला म्हणजे सर्व साधलें असें मात्र नाहीं. रोहित्र दाब बदलतें, पण आवर्तनें बदलीत नाहीं. केवळ ६० आवर्तनांसाठीं केलेलें रोहित्र ५० आवर्तनांवर अधिक तापतें. उलट दिशेनें ही अडचण येत नाहीं. खरी मौज तबकडीच्या यंत्रांत दिसते. पुष्कळ जुन्या यंत्रांतील मोटार विजेच्या आवर्तनांशीं पाऊल जुळवून फिरते. येथील असें यंत्र अमेरिकेंत नेलें, तर मिनिटास ३३ पूर्णांक १ तृतीयांश फेरे घेणारी तबकडी तेथें ४० फेरे घेईल. चोवीस मिनिटांची बाजू वीस मिनिटांत संपेल, आणि सूर ६ : ५ या प्रमाणांत चढेल. आपल्या संगीताच्या भाषेंत सांगावयाचें तर गायकाचा षड्ज कोमल गंधारावर जाऊन बसेल! ज्या नाट्यपदाच्या विलंबित आलापासाठीं यंत्र सातासमुद्रांपलीकडे नेलें, तेंच पद घाईघाईनें पळूं लागेल. उलट अमेरिकन यंत्र येथें आणल्यास गाणें मंदावून सूर उतरेल.

यावर उपाय आहेत. मोटारीवरील पट्ट्याची कप्पी बदलून ५० ऐवजीं ६० आवर्तनांसाठीं तिचा व्यास पांच-षष्ठांश करावा. किंवा स्वतःचीं आवर्तनें निर्माण करणारें वीजपुरवठ्याचें साधन मोटारीस जोडावें. डी. सी. मोटारीच्या यंत्रांस ही अडचण येत नाहीं. तबकडीच्या गतीची परीक्षा ठिपक्यांनीं होते. घरच्या विजेवर लुकलुकणाऱ्या दिव्याखालीं वरील गतीस ५० आवर्तनांसाठीं १८० ठिपक्यांचें कडें स्थिर दिसतें, व ६० साठीं २१६ ठिपक्यांचें. विद्यार्थ्यांनीं हे आंकडे स्वतः गणित करून ताडून पाहावे. दिवा प्रत्येक आवर्तनांत दोनदां लुकलुकतो, एवढी खूण पुरे आहे.

आमच्या आप्तांच्या यंत्राचें पुढें काय झालें, हें वाचक विचारतीलच. एका कुशल वाइंडिंग कारागिरानें जळलेलें रोहित्र उकललें, तारेच्या फेऱ्या मोजल्या, आणि २३० व्होल्टांसाठीं नवें गुंडाळून दिलें. बटण दाबण्याचा मान आप्तांनीं पुन्हां आम्हांसच दिला. या खेपेस आम्हीं प्रथम पाठीवरचा आंकडा वाचला, फ्यूज पाहिला, आणि मगच बोट पुढें केलें. क्षणभर कोणी श्वास सोडला नाहीं. मग तंबोऱ्याचा स्वर खोलींत भरला. आप्तांनीं डोळे मिटले, तेव्हां कोठें आमच्या मनावरचें ओझें उतरलें.